रश्श्याबाहेरचा मासा

कोल्हापुरात कुठल्याही जनावराची ओळख करून देणं अवघड काम आहे. तुम्ही त्याचं नाव सांगता, गाव सांगता, रंगरूप सांगता. समोरचा माणूस ‘हं, हं’ करत ऐकतो, पण त्याचं लक्ष पुढच्या वाक्याकडं लागलेलं असतं. ते वाक्य म्हणजे ‘ह्याचं कालवण असं करतात.’ ते आलं नाही की तोच विचारतो, “ते सगळं बरोबर हाय, पर लागतंय कसं?” इथली प्राणिशास्त्राची वर्गवारी एकदम सुटसुटीत आहे. ज्याचा तांबडा रस्सा होतो ते, ज्याचा पांढरा होतो ते, ज्याचं सुकं बरं लागतं ते आणि उरलेले. उरलेल्यांत पैलवान, वरातीतला घोडा आणि साठमारीतले हत्ती येतात. त्यांतला घोडा अजून वरातीत तरी दिसतो. हत्ती आता फोटोतच राहिलेत.

अशा गावात ऑक्टोबर 2020 मध्ये बातमी आली की आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी माशाची एक नवीन जात सापडली आहे. कोरोनाचे दिवस. माणसं घरात बसून कंटाळलेली. वर्तमानपत्रातली लग्नाची जाहिरातसुद्धा दोनदा वाचून होत होती. मासा म्हटल्यावर आमच्या मामांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“किती किलोचा हाय?”

“किलोचा नाही मामा. बोटाएवढासुद्धा नाही.”

“मग घावला कशाला म्हणत्यात? दिसला म्हणा.”

“शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलंय. शिस्टुरा हिरण्यकेशी.”

“नाव माशापेक्षा लांब झालं की रं.”

मामांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपायला हवा होता. पण संपला नाही. नंतर आंबोलीची सहल निघाली की तिथून आलेला माणूस धबधब्याचं, धुक्याचं, कणसाचं आणि वाटेत लागलेल्या ट्रॅफिकचं वर्णन करून झाल्यावर आवाज थोडा खाली आणून सांगायला लागला, “आणि त्यो मासा बघितला.” जो खाता येत नाही, विकता येत नाही, गळाला लावून फोटो काढता येत नाही, असा मासा बघायला कोल्हापूरचा माणूस शंभर-सव्वाशे किलोमीटर जातो, ही घटना साधी नाही. तिची नीट चौकशी व्हायला पाहिजे.

आधी माशाचं घर. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, अगदी घाटमाथ्यावर. तिथं एका गुहेतून पाणी येतं. समोर कुंड आहे, महादेवाचं देऊळ आहे, आणि ह्या पाण्यालाच पुढं हिरण्यकेशी नदी म्हणतात. कोकणात उडी मारायला घाटाची कड हाकेच्या अंतरावर असताना ही नदी तिकडं पाठ करते आणि देशावर येते. आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरकडून कर्नाटकात शिरते, घटप्रभेला मिळते आणि तिच्याबरोबर कृष्णेत जाते. म्हणजे मासा सिंधुदुर्गाचा असला तरी त्याच्या अंगावरून गेलेलं पाणी आमच्या जिल्ह्यात येतं. एवढं नातं कोल्हापूरकराला हक्क सांगायला पुरेसं आहे. आमच्याकडं ह्याहून लांबच्या नात्यावर लग्नात मानाचे फेटे मागितले गेलेत.

आता शोध. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमणियन ह्या तिघांनी ह्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ते ‘अ‍ॅक्वा’ नावाच्या मत्स्यशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. त्यातल्या ठाकरे ह्यांचे वडील त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यामुळं कट्ट्यावर चर्चा माशाच्या पंखांवरून माशाच्या पक्षावर यायला वेळ लागला नाही. नवीन मासा सापडला की सत्ताधाऱ्यांना आनंद होतो आणि विरोधकांना तो मासा जुनाच वाटतो, हे महाराष्ट्रात नैसर्गिक आहे. पुढं जून 2022 मध्ये ते सरकार गेलं. आमदार सुरतेला गेले, गुवाहाटीला गेले, गोव्याला गेले. मासा होता त्या दगडाखालीच राहिला. गेल्या काही वर्षांत इतकी राजकीय स्थिरता दाखवणारा महाराष्ट्रातला दुसरा सजीव मला माहीत नाही.

त्यात आंबोलीच्या माणसांना ह्या शोधाचं फार आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. देवळाच्या पाण्यात फिरणाऱ्या ह्या बारक्या माशाला तिथं देवाचा मासा म्हणतातच. आजे-पणजे त्याला बघत आले. फक्त त्याची अंगावरची पट्ट्यांची ठेवण, पंखातल्या काट्यांची संख्या आणि जनुकं तपासून ‘हा शेजारच्या नदीतल्या चुलत्यापेक्षा वेगळा आहे’ असं कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. ते लिहिणं म्हणजे शास्त्र. सात-बाऱ्यावर नाव लागलं की जमीन तुमची होते, त्याआधी तुम्ही नुसती कसत असता.

माशाचं रूप सांगतो. पिवळसर अंग, त्यावर गडद आडवे-उभे नाही, सरळ उभेच पट्टे, आणि तोंडाशी मिशा. ह्या घराण्याला लोच म्हणतात आणि मिशा हा त्यांचा घराण्याचा अलंकार आहे. नाकाच्या शेंड्याशी चार आणि तोंडाच्या दोन कोपऱ्यांना दोन, अशा सहा. कोल्हापुरात माणसाला दोन मिशा असल्या तरी तो त्यांच्या देखभालीत सकाळ घालवतो. इथं बोटाएवढा नसलेला मासा सहा बाळगून आहे आणि पीळ मारायला हात नाही. पण त्याच्या मिशा नुसत्या दाखवायच्या नाहीत. मिशीवर चवीच्या गाठी असतात. वाळू चाचपत, दगडाखाली मिशी सरकवत, तो अळीकिडा खाण्याच्या आधीच चाखून बघतो. आमच्याकडंही रस्सा पिताना मिशी वाटीत जातेच. ती बुडते, तांबडी होते, टॉवेलाला पुसली जाते. पण चव तिला कळत नाही. उत्क्रांतीत आपण इथं मागं पडलो, हे मोठ्या मनानं मान्य करायला हवं.

दुसरा गुण बैठकीचा. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात अधांतरी राहतात. लोच मंडळींची पिशवी बारीक होऊन हाडाच्या डबीत बंद झालेली असते. त्यामुळं ते तरंगायच्या भानगडीत पडत नाहीत. तळाला, दगडाला धरून बसतात. वरून पाणी वाहत असतं, जग जात असतं, हे आपले बसलेले. मधेच एक झटका मारून वीतभर पुढं सरकायचं आणि परत बसायचं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी गेलात तर हा स्वभाव समजायला पाण्यात उतरावं लागत नाही.

आणि तिसरा गुण, ज्यानं कोल्हापूरकराचं काळीज जिंकलं. हा मासा प्रदेशनिष्ठ आहे. शास्त्रीय नोंदीत त्याचा पत्ता एकच, हिरण्यकेशीचा उगम. तिथलं पाणी, तिथले दगड, बाहेर कुठं नाही. हा मुद्दा मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत तो सांगावा लागत नाही. आपल्या तालमीच्या, आपल्या मंडळाच्या आणि आपल्या फुटबॉल संघाच्या पलीकडं सजीवसृष्टी असते ह्याबद्दल ज्यांना मनातून शंका असते, त्यांना प्रदेशनिष्ठ प्रजाती म्हणजे काय हे विचारू नका. त्यांच्या घरातल्या पोरीचं पेठेबाहेर लग्न ठरलं तरी ‘पोरगी लांब दिली’ म्हणून आई आठवडाभर रडते. एका कुंडाला धरून हजारो वर्षं राहिलेल्या माशाबद्दल ह्या गावात आदर वाटला नसता तरच नवल.

पण तो पेठ सोडत नाही ह्याचं कारण निष्ठा नसून पाणी आहे. थंड, वाहतं, स्वच्छ पाणी. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त मुरतो, असा साधा हिशोब आहे. बर्फाच्या उंबरठ्यावरच्या गोड्या पाण्यात एका लिटराला साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहू शकतो. वीस अंशाला तो नऊवर येतो, तीस अंशाला साडेसातवर. त्यात सांडपाणी मिसळलं की उरलेला प्राणवायू ती घाण कुजवण्यातच खर्च होतो. डोंगरातल्या झऱ्याची सवय झालेल्या माशाला खालच्या कोमट, गढूळ पाण्यात सोडणं म्हणजे त्याचा गळा दाबणंच. आपण आंबोलीच्या पाण्यात पाय घालून ‘आयाया’ करतो आणि काढून घेतो, त्या गारठ्यावर हे बारकं जनावर जगतं.

थंड पाण्याची ही मेहेरबानी किती लांबपर्यंत जाते, ते बघायचं तर अंटार्क्टिकाला जावं लागेल. तिथल्या समुद्राचं पाणी शून्याच्याही खाली, उणे 1.9 अंशापर्यंत जातं आणि खारट असल्यामुळं तरीही गोठत नाही. त्या पाण्यात आइसफिश नावाचं माशांचं एक कूळ आहे, सोळाच्या आसपास जातींचं. 1927 मध्ये डिटलेफ रुस्टाड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकानं बुवे बेटापाशी त्यातला एक पकडला, चिरला, आणि बघतो तर रक्त पांढरं. पुढं 1954 मध्ये योहान रूड ह्यांनी ‘नेचर’ मध्ये पक्का निर्वाळा दिला: ह्या माशांच्या रक्तात तांबडा रंगच नाही, प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं दुसरं कूळ नाही.

हे मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले.

“म्हणजे आत नुसता पांढरा?”

“पांढरा.”

“तांबडा अजिबात न्हाई?”

“थेंबभर नाही.”

“मग त्ये जगतंय कसं?”

हा प्रश्न मत्स्यशास्त्रज्ञांनाही पडला होता, फक्त त्यांनी तो जेवणाच्या ताटावर विचारला नाही. उत्तर असं, की त्या गारठ्यात समुद्रात प्राणवायू इतका मुबलक असतो की तो नुसत्या पातळ रक्तात विरघळूनही भागतो. अर्थात फुकट काही नाही. बाकीच्या माशांच्या दुप्पट-चौपट रक्त अंगात बाळगावं लागतं, काळीज आकारानं मोठं लागतं आणि ते सतत जोरात पंप मारत राहतं. वर रक्त गोठू नये म्हणून त्यात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ थोपवणारी प्रथिनं असतात. आर्थर डीव्हरीस ह्यांनी अंटार्क्टिकाच्या माशांत ती 1960 च्या दशकात शोधली. पुढं 2021 मध्ये वेडेल समुद्राच्या तळावर जर्मन जहाजातून कॅमेरा ओढत नेताना ह्यातल्याच एका जातीची घरटी दिसायला लागली आणि संपेचनात. 240 चौरस किलोमीटरवर सहा कोटी घरटी असावीत असा अंदाज निघाला. घरट्यात अंडी, आणि अनेक घरट्यांवर राखणीला एक मोठा मासा. एवढी वसाहत आणि गुंठेवारीची एकही तक्रार नाही.

अळणी पाण्यात खसखस, तीळ आणि नारळाचं दूध घालून आम्ही जे साधतो, ते ह्या माशाला जन्मजात मिळालंय, ह्या विचारानं मामा त्या रात्री नीट जेवले नाहीत. “ज्येच्या अंगातच पांढरा हाय, त्येचा तांबडा करायचा म्हणजे धर्मांतरच की,” एवढंच म्हणाले.

असो. अंटार्क्टिका लांब आहे. आपण हिरण्यकेशीवर येऊ, कारण तिच्या काठानं खाली उतरायला लागलं की एक वेगळाच त्रास सुरू होतो. आजऱ्यात घनसाळ तांदूळ पिकतो. बुटका, वासाचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. शिजायला लागला की शेजारच्या गल्लीला कळतं. तसंच खाली संकेश्वराकडं गेलं की संकेश्वरी मिरची, जिच्या रंगाशिवाय आणि झणक्याशिवाय इकडच्या चटणीला चटणी म्हणायला जीभ वळत नाही. म्हणजे बघा, एकाच नदीच्या खोऱ्यात वर मासा, मधे भात आणि खाली मिरची. निसर्गानं सगळा शिधा एका ओळीत मांडून ठेवलाय. नारळ कोकणातून घाट चढून यायला तयारच आहे. आणि नेमका मासा देवाचा! तोही महादेवाचा. म्हणजे वर्षाचे बारा महिने त्याचा सोमवार. एवढ्या मोहातून कोल्हापूरच्या माणसाला दर सहलीला जावं लागतं आणि तो कोरडा परत येतो, ह्याची दखल कुठल्या तरी समितीनं घ्यायला हवी.

देवाचं नाव लावून मासे राखायची ही पद्धत मात्र नवी नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत. वाडा तालुक्यात तिळशाला वैतरणेच्या पाण्यात शंकराचे मासे आहेत. ते महसीर. चांगले हातभर वाढणारे, अंगाचे भरलेले. भाविक चुरमुरे टाकतात, मासे उसळी मारून येतात, पायाशी घोळतात आणि कुणी हात लावत नाही. बाहेर महसीर धरण, सुरुंग आणि जाळ्यांनी घटत गेला. ह्या डोहांत तो निवांत चुरमुरे खात राहिला. मत्स्यखातं स्थापन व्हायच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात देव हा मत्स्यखात्याचा आयुक्त आहे. त्याला कर्मचारी लागत नाहीत, बोट लागत नाही, प्रवासभत्ता लागत नाही. आणि त्याची बदली होत नाही, हे सर्वांत महत्त्वाचं.

सरकारनंही ह्या बाबतीत देवाच्या मागोमाग जायचं शहाणपण दाखवलं. 2021 मध्ये हिरण्यकेशीच्या उगमापाशी दोन हेक्टरांहून थोडी जास्त जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. ह्यासाठी जैवविविधता कायदा, 2002 मध्ये तरतूद आहे. महाराष्ट्रात अल्लापल्लीचं जंगल, पुण्यातली गणेशखिंड बाग, दोडामार्गातली बांबर्डेची जायफळाची राई अशी मोजकी ठिकाणं त्या यादीत आहेत. अल्लापल्लीला आभाळाला टेकलेले साग आहेत. त्यांच्या पंक्तीला हा सहा मिशांचा बारक्या जाऊन बसला. पाटावर मावला नाही म्हणून कुणी उठवलं नाही. आता त्याच्या पाठीशी दोन सत्ता आहेत. गॅझेटला आपला माणूस किती मानतो हे हेल्मेटच्या बाबतीत दिसलेलंच आहे. पण ‘देवाचा हाय, हात लावशील तर बघ’ असं एखाद्या म्हातारीनं म्हटलं की हातातली बाटलीसुद्धा आपोआप पिशवीत जाते.

हे लिहिताना पंचगंगेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. विचित्र माशांच्या बाबतीत आम्ही काही आंबोलीचे मिंधे नाही. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे मत्स्यखात्यातले मोठे अभ्यासक. त्यांनी 1952 मध्ये ह्याच पंचगंगेतल्या एका माशाचं वर्णन जगापुढं ठेवलं. त्याचं शास्त्रीय नावच निओट्रोपियस खवलचोर. हा गडी दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो. सबंध मासा खायची दगदग नाही. नुसता बाजूनं जायचा, अंगरख्याला हात घालायचा आणि पसार. असा मासा जगासमोर यायला कोल्हापूरचीच नदी लागली, ह्याचा अभिमान वाटावा की काळजी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण आज कोल्हापुरात दहा माणसांना विचारा. आंबोलीचा मासा आठांना माहीत असेल. खवलचोर एखाद्यालाच, आणि तोही महापालिकेबद्दल बोलतोय असं समजेल.

हा फरक का पडला? खवलचोर काही कमी मजेदार नाही. फरक पाण्याचा आहे. आंबोलीचं पाणी वाकून बघितलं तर तळ दिसतो, तळ दिसतो म्हणून मासा दिसतो, मासा दिसतो म्हणून जीव लागतो. पंचगंगेत वाकून बघायची सोय आपण ठेवली नाही. उन्हाळ्यात बंधाऱ्याला तुंबलेलं कोमट पाणी, त्यात गावोगावचं सांडपाणी. मग सकाळी मेलेल्या माशांचा पांढरा थर तरंगताना दिसतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, तिसऱ्या दिवशी पाण्याचे नमुने घेतले जातात आणि चौथ्या दिवशी ते नमुने पंचगंगेपेक्षाही शांत पडून राहतात. पंचगंगा ज्यांची बनते त्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या चार नद्या डोंगरात निघतात तेव्हा तेवढ्याच गार आणि नितळ असतात. त्यांच्याही दगडाखाली लोच मिशी चाचपत असेल. त्यांच्या उगमावर कुणी देऊळ बांधलं असेल तर बरंच आहे. पण नदीला शेवटपर्यंत देऊळ बांधता येत नाही.

आंबोलीच्या माशाचं आकर्षण मला इथं सापडतं. तो काही देत नाही, तरी माणूस त्याच्यासाठी वाकतो. ज्या गावात मटण तोलताना काट्याकडं डोळे वटारून बघतात, त्या गावातला माणूस कुंडाच्या काठाला उकिडवा बसून श्वास रोखून एका बारक्या जीवाची वाट बघतो. त्याला तो किलोनं मोजायचा नसतो. बायको मागून विचारते, “दिसला काय?” तो हातानंच गप्प बस म्हणतो. एरवी घाटात गाडीचा हॉर्न वाजवत, टेप मोठा लावून आलेला हाच गृहस्थ. एवढ्या शिस्तीत त्याला शाळेनं बसवलं नाही, सासऱ्यानं बसवलं नाही. ह्या माशानं बसवलं.

मात्र आकर्षणाचीच भीती वाटते. कढईतून सुटलेल्या माशाची काचेची पेटी वाट बघत असते. केरळातला ‘मिस केरळ’ नावाचा देखणा तांबड्या पट्ट्याचा मासा परदेशातल्या शौकिनांना इतका आवडला की त्याला ओढ्याओढ्यांतून उपसून विमानानं पाठवलं गेलं आणि त्याच्या घरातच तो दुर्मीळ झाला. हौशी माणूस प्रेमानंच नेतो, दर महिन्याला पाणीही बदलतो. पण आंबोलीच्या गुहेतला गारवा मोटर आणि बुडबुड्यांनी घरात येत नाही. शोकेसमध्ये मासा, शेजारी पैलवान काकांची गदा, वर दिवाळीची माळ. मासा आठ दिवसांत जातो, गदा राहते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. आंबोलीला जा, जरूर जा. जमलं तर पावसाळ्यातला रविवार सोडून जा. त्या दिवशी माशापेक्षा चारचाक्याच जास्त असतात. कुंडात साबण लावू नका, पाय खळबळू नका, बिस्किटं, चुरमुरे, प्रसाद काही टाकू नका. वाळणकोंडीच्या महसीरला चुरमुरे चालतात, ह्याला चालत नाहीत. बाटलीत भरून आणायचा विचार तर मनातही आणू नका. ते वारसा स्थळ आहे आणि वर महादेव बघतोय. काठाला बसा, दगडाकडं बघा, दिसला तर हात जोडा, नाही दिसला तर परत या. आणि परत आल्यावर एक दिवस पंचगंगा घाटावरही तसंच वाकून बघा. तळ दिसला नाही तर तक्रार माशाकडं करू नका. तिचा अर्ज महापालिकेत घेतात.